रग्बी लीग: सहा पॉइंटनी पुढे असताना ट्राय सोडून एका पॉइंटचा ड्रॉप गोल का मारतात? आणि शेवटच्या मिनिटाच्या पेनल्टीबद्दल

देवगडचो_रेडर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, वेळ असेल तर पूर्ण वाचा प्लीज. मी मूळ कबड्डीवाला. 2025 च्या जूनमध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली ना, तेव्हापासून रग्बीचं वेड लागलं, पण ती सेव्हन्स, सात जणांची. मग मोबाईलवर शोधता शोधता ऑस्ट्रेलियाची एनआरएल सापडली, तेरा जणांची रग्बी लीग, आणि आता सीझन चालू असला की दुपारी जेवण झाल्यावर सवातीनच्या सुमारास मॅच लावून बसतो, घरचे कलमांत ये म्हणून हाका मारत असतात तरी उठवत नाही. बेसिक कळलंय, सहा टॅकलचा सेट, सहाव्या वेळी पकडला गेलास की बॉल समोरच्याला. म्हणजे आपली डू ऑर डाय रेडच, फक्त तिसरीच्या जागी सहावी. म्हणून पाचव्या टॅकलनंतर किक मारतात तेही समजलं.

पण तीन गोष्टी डोक्यात बसत नाहीत. एक, परवा बघितलेल्या मॅचमध्ये एक टीम सहा पॉइंटनी पुढे, सात-आठ मिनिटं बाकी, बॉल समोरच्याच्या गोललाइनजवळ, सरळ ट्रायला (गोललाइनपलीकडे बॉल टेकवायला) जायचं सोडून चौथ्या टॅकललाच हाफबॅकने (टीमचा खेळ चालवणाऱ्याने) मागे उभं राहून ड्रॉप गोल (बॉल जमिनीवर सोडून उसळताच खांबांमधून मारलेली किक) मारला, एक पॉइंट! चार मिळत असताना एक कोण घेतं? आणि कॉमेंट्रीवाले तर असे खूश झाले की मॅच संपलीच.

दुसरं, रेफ्री कधी शिट्टी मारून पेनल्टी देतो आणि कधी फक्त हात वर करून खेळ चालू ठेवतो, स्क्रीनवर सिक्स अगेन येतं. फाउल तर सारखाच दिसतो मला.

तिसरं महत्त्वाचं. गोल्डन पॉइंटमध्ये (बरोबरी झाल्यावरचा जास्तीचा वेळ, पहिला पॉइंट करील तो जिंकला) रेफ्रीने खांबांसमोर पेनल्टी दिली, दोन पॉइंट, मॅच खल्लास. ऐंशी मिनिटं जीव तोडून खेळायचं आणि शेवट शिट्टीने, हे बरोबर आहे का? आमच्या ग्रुपवर यावरून जोरदार वाद झाला. जाणकारांनी सांगा.

खलाशी_काका_रत्नागिरी

अरे बाळा, प्रश्न झकास विचारलास. मी जहाजावर होतो, न्यू साउथ वेल्समधल्या न्यूकॅसलला कोळसा भरायला आमची बोट लागायची तेव्हा त्या गावाचं रग्बी लीगचं वेड जवळून बघितलंय, बंदरावरचा माणूसन् माणूस मॅचबद्दलच बोलणार. तिथेच हा खेळ शिकलो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, रेफ्रीचं दुसरं कोणीतरी सांगेल.

आधी पॉइंटचा हिशोब नीट मनात बसव. ट्राय चार, त्यावरची कन्व्हर्जन (ट्रायनंतर खांबांमधून मारायची किक) दोन, पेनल्टी गोल दोन, ड्रॉप गोल एक. म्हणजे समोरच्याने एका झटक्यात जास्तीत जास्त सहा करायचे. (ट्राय करताना खेळाडूवर फाउल झाला तर कन्व्हर्जननंतर खांबांसमोर आणखी एक पेनल्टी मिळते आणि आठ होतात, पण ते क्वचित.) आता तू सहाने पुढे आहेस, सात मिनिटं आहेत. त्यांनी एक ट्राय आणि कन्व्हर्जन केली की बरोबरी. तू एक मारून सात केलेस की त्यांना एकदा स्कोअर करून भागतच नाही, दोनदा लागतो, आणि सात मिनिटांत दोनदा स्कोअर करायचा म्हणजे त्यांना आपल्या हद्दीतून रिस्क घेऊन पास फिरवावे लागतात, त्यात बॉल सुटतो, चुका होतात. कॉमेंट्रीवाले उगाच खूश झाले नव्हते. बाराचे तेरा करायचे तेही याच कारणाने. पण आठचे नऊ करायला सहसा कोण धडपडत नाही, आठला तसेही त्यांना दोनदा यावं लागतंच. चार पॉइंटनी पुढे असताना खांबांसमोर पेनल्टी मिळाली तर दोन घेऊन सहा करतात ते वेगळं गणित, मग ट्राय आणि कन्व्हर्जन दोन्ही मिळूनही त्यांची फक्त बरोबरीच होते.

अजून एक गोष्ट. लीगचा जुना नियम असा की ज्यांनी पॉइंट खाल्ले त्यांनीच किक-ऑफ करायची. म्हणजे ड्रॉप गोल मारून बॉल परत तुझ्याकडेच. आणखी सहा टॅकल, आणखी मिनिटभर घड्याळ खाल्लं. सेव्हन्समध्ये उलटं, स्कोअर करणारी टीम किक-ऑफ करते, त्यामुळे अंधेरीची मॅच बघून आलेल्याला हे पटकन ध्यानात येत नाही.

आणि ट्रायला का गेला नाही म्हणतोस, तर गोललाइनवर तेरा जण भिंत करून उभे असतात रे. तिथे घुसायला गेलं आणि बॉल हातातून निसटला तर स्क्रम त्यांचा, बॉल त्यांचा, आणि तुझा एक पॉइंटही गेला. ड्रॉप गोल चुकला तर निदान त्यांना वीस मीटरवरून सुरू करावं लागतं, सगळं मैदान अजून पुढ्यात.

आता खरी मजा. ड्रॉप गोल हा पायाचा खेळ वाटतो पण तो आधीच्या तीन टॅकलमध्ये ठरतो. पुढच्या वेळी बघशील तेव्हा बॉलकडे नको, बॉल नसलेल्या हाफबॅककडे बघ. पहिल्या दोन टॅकलला तो काय करतो, तर आपल्या दांडग्या फॉरवर्डना हाताने दाखवतो कुठे जाऊन पडायचं. खांबांच्या अगदी समोर पाहिजे असतं, आणि किकर उजव्या पायाचा असेल तर रक (पकडलेला उठून बॉल मागे ढकलतो ती जागा) जरा अशा बाजूला करून घेतात की धावत येणाऱ्या मार्करपासून (रकसमोर उभ्या बचाववाल्यापासून) त्याचा पाय लांब राहील. मग शेवटचा फॉरवर्ड पडतो, झटकन उठून पायाने बॉल मागे ढकलतो, डमी हाफ (रकमागून बॉल उचलणारा) सरळ लांब पास मागे फेकतो, किकर तिथे दहाबारा मीटर खोल उभाच असतो. त्याच्याकडे एखाद-दीड सेकंद. पास जरा उंच आला, जरा डावीकडे गेला, की संपलं. आणि चांगली टीम पाचव्याची वाट बघत नाही, चौथ्यालाच मारते, कारण पाचव्याला सगळ्या स्टेडियमला माहीत असतं की आता किक येणार.

2015 ची एनआरएल ग्रँड फायनल शोधून बघ, नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज विरुद्ध ब्रिस्बेन. काउबॉइजने अगदी शेवटच्या क्षणी ट्राय करून 16-16 केले, जोनाथन थर्स्टनची साइडलाइनवरून कन्व्हर्जन, लागली तर कप, आणि बॉल खांबाला लागून परत. गोल्डन पॉइंट. किक-ऑफला ब्रिस्बेनच्या बेन हंटच्या हातून बॉल सुटला. बस, तिथेच निकाल लागला. काउबॉइजने घाई केली नाही, टॅकल टॅकल करत खांबांसमोर आले, थर्स्टन मागे उभा, ड्रॉप गोल, 17-16. लोक थर्स्टनचा पाय लक्षात ठेवतात, मी त्याआधीचे ते टॅकल परत परत बघतो.

शिट्टी_गुहागर

काकांनी पहिल्या प्रश्नाला हातच ठेवायला जागा ठेवली नाही, मी दोन आणि तीनचं बोलतो. मी कबड्डीचा पंच आहे, जिल्ह्याच्या मॅचेस करतो, त्यामुळे कुठलाही खेळ असो माझं लक्ष आधी रेफ्रीकडे जातं.

सिक्स अगेन म्हणजे असं. टॅकल झाल्यावर खाली पडलेल्याच्या अंगावर मुद्दाम लोळत राहणं, हात धरून ठेवणं, हे पूर्वी सरळ पेनल्टी असायचं. पेनल्टी मिळाली की कॅप्टन विचार करणार, खांबांकडे मारू का टचला (बाजूच्या रेषेबाहेर) मारू, टचला मारला तर आत येऊन टॅपने नवा सेट (लीगमध्ये लाइनआउट, म्हणजे बाजूच्या रेषेवरून बॉल आत फेकणं, नाही, सेव्हन्सवाल्यांनी हे लक्षात ठेवा), या सगळ्यात खेळ थंड. कोविडनंतर 28 मे 2020 ला एनआरएल परत सुरू झाली तेव्हा त्यांनी ठरवलं की रकमधल्या अशा फाउलला खेळ थांबवायचा नाही, रेफ्रीने हात वर करायचा, टॅकलची मोजणी परत शून्यापासून. त्याच वेळी दोन रेफ्रींची पद्धत, जी 2009 पासून होती, ती बंद करून एकच रेफ्री ठेवला, त्यावरून रेफ्री लोक फार नाराज झाले होते. पुढे 2021 ला दहा मीटर मागे न जाण्याच्या फाउललाही सिक्स अगेन लावलं.

आता यातली गोम बघा. पेनल्टीत दोन पॉइंट मिळू शकतात, सिक्स अगेनमध्ये काहीच नाही. मग बचाव करणारे हुशार झाले. समोरचा स्वतःच्या गोललाइनजवळून बाहेर पडतोय, पहिलाच टॅकल आहे, तेव्हाच मुद्दाम लोळायचं, एक टॅकल फुकट दिला तर काय बिघडलं, आपली लाइन तर नीट उभी राहिली. नियम तोडणाऱ्याला फायदा होत असेल तर तो नियम बदललाच पाहिजे, आणि 2022 ला बदलला, हल्ला करणारी टीम स्वतःच्या चाळीस मीटरच्या आत असेल तर परत पूर्ण पेनल्टी ठरली (2026 ला ती हद्द वीस मीटरवर आणली). म्हणून तुला सारखाच फाउल दिसतो पण निर्णय वेगळा, मैदानात कुठे झाला ते बघ. आणि वारंवार केलं तर रेफ्री सिन बिनला (मैदानाबाहेर) दहा मिनिटं बसवू शकतो, तेरा विरुद्ध बारा, ती खरी शिक्षा.

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. पहिल्या मिनिटाचा फाउल हा शेवटच्या मिनिटालाही फाउलच. ड्रॉप गोलच्या वेळी बघा, बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे असलं पाहिजे आणि रकसमोरच्या दोन मार्करनी बॉल मागे ढकलला जाईपर्यंत हलायचं नाही. गोल्डन पॉइंटला काय होतं, किकरवर झडप घालायला सगळे अर्धा सेकंद आधी सुटतात, आणि बरेच रेफ्री शिट्टी तोंडात धरून गप्प राहतात, मॅच माझ्यामुळे ठरायला नको म्हणून. अहो, पण शिट्टी न मारून पण तुम्ही मॅच ठरवलीच की! ज्याने तीन टॅकल मेहनत करून किकरला जागा करून दिली त्याचं तुम्ही काढून घेतलंत आणि ज्याने नियम मोडला त्याला दिलंत. मला गावच्या मैदानावर शेवटच्या रेडला लाइन क्रॉस दिल्यावर शिव्या खाव्या लागल्यात, लोक अंगावर आलेत, पण पाय बाहेर होता तो बाहेर होता.

रेफ्रीकडून चूक होते तेव्हा किती महागात पडते त्याचं उदाहरण पण देतो. 2019 ची ग्रँड फायनल, सिडनी रूस्टर्स आणि कॅनबेरा रेडर्स, 8-8, आठेक मिनिटं बाकी. रेफ्री बेन कमिन्सने सिक्स अगेनचा हात केला (तेव्हा रकच्या फाउलला नव्हे, बॉल समोरच्याला लागला असं समजून), मग साथीदारांनी सांगितल्यावर बदलला, शेवटचा टॅकल म्हणून. कॅनबेराच्या जॅक वाइटनला बदललेला इशारा कळलाच नाही, त्याला वाटलं नवा सेट मिळाला, तो बॉल घेऊन टॅकलमध्ये गेला आणि बॉल गेला रूस्टर्सकडे. लगेच पुढे टेडेस्कोचा ट्राय, 14-8. आता गंमत अशी की बदललेला निर्णय नियमाने योग्य होता. पण एकदा दाखवलेला हात खेळाडूने खरा मानायचा की नाही? माझ्या मते पंचाचा इशारा हा शब्द आहे, तो दिला की खेळाडू त्यावर जीव टाकतो. कॅनबेराच्या पोरांसाठी मला आजही वाईट वाटतं.

देवगडचो_रेडर

काका, पंचसाहेब, खूप खूप आभार, दोघांचं वाचून परत मॅच लावली आणि काका म्हणाले तसं हाफबॅककडेच बघत बसलो, खरंच तो हाताने सगळ्यांना जागा दाखवत असतो! एक राहिलं, दोन पॉइंटचा ड्रॉप गोल पण असतो असं कुठेतरी ऐकलं, ते काय? आणि आम्ही मित्र दोघं-तिघं बॉल मागवून किनाऱ्यावर ड्रॉप किक ट्राय करतोय पण बॉल उसळतच नाही नीट, जमिनीला लागून तिथेच बसतो.

वेंगुर्ला_ते_लीड्स

मी मूळची वेंगुर्ल्याची, कामासाठी लीड्सला असते. हेडिंग्ले आपल्या लोकांना क्रिकेटमुळे माहीत, पण त्याच क्रिकेटच्या मैदानाला पाठीला पाठ लावून रग्बी लीगचं मैदान आहे, मधला स्टँड दोघांचा एकच. आणि हा खेळ जन्मला पण इथेच जवळ, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात 29 ऑगस्ट 1895 ला, कामाची मजुरी बुडते तिची भरपाई खेळाडूंना मिळावी यावरून उत्तरेतले क्लब वेगळे झाले. गिरणी-खाणीतल्या माणसांचा खेळ आहे हा, मला म्हणूनच आपलासा वाटतो.

दोन पॉइंटचं सांगते. एनआरएलमध्ये चाळीस मीटरच्या पलीकडून ड्रॉप गोल मारला तर दोन. त्यामुळे दोनने मागे असलेली टीमही शेवटच्या मिनिटाला आशा ठेवू शकते. 2021 च्या ग्रँड फायनलला साउथ सिडनी 14-12 ने पेनरिथच्या मागे, अॅडम रेनॉल्ड्सने लांबून मारला पण कमी पडला. जुन्या काळी तर कुठूनही मारलात तरी दोनच मिळायचे. ऑस्ट्रेलियात एरिक सिम्स नावाचा फुलबॅक इतके मारायला लागला की लोक कंटाळले, शेवटी 1971 ला तिथे एकावर आणला, इंग्लंडने 1974 ला.

पंचसाहेब, तुमच्याशी मात्र एका मुद्द्यावर जमत नाही, राग मानू नका. फाउल तो फाउल, मान्य. पण रकमध्ये प्रत्येक टॅकलला शोधलं तर काही ना काही सापडतंच, कोणाचा हात अडकलेला, कोण इंचभर वाकडा उभा. ऐंशी मिनिटं रेफ्रीने जेवढं चालू दिलं तेवढंच एक्याऐंशीव्या मिनिटालाही चालू दिलं पाहिजे. आधी सोडलेली गोष्ट गोल्डन पॉइंटला अचानक पकडली तर खेळाडूंनी काय करायचं? मला शिट्टीचं दुःख नाही, रेफ्रीने माप बदललं तर आहे. उलट जे स्पष्ट आहे, किकरला बॉल गेल्यावर उशिरा धडक, दहा मीटरच्या आतून सुटलेला बचाववाला, ते द्यायलाच हवं, तिथे मी तुमच्याबरोबर.

आणि माझी खरी तक्रार गोल्डन पॉइंटवरच आहे. पहिला पॉइंट करील तो जिंकला म्हटलं की दोन्ही टीम खेळणं सोडून फक्त ड्रॉप गोलच्या जागेसाठी मारामारी करतात, ट्राय कोणी मनातच आणत नाही. इथल्या सुपर लीगने पण 2019 पासून तेच आणलं. त्यापेक्षा दोन हाफ पूर्ण खेळवा ना जास्तीच्या वेळेचे, 1989 ला कॅनबेरा आणि बालमेनची ग्रँड फायनल तशीच झाली, 14-14 वरून आधी ड्रॉप गोल, मग ट्राय, 19-14. ती मॅच लोक अजून काढून बघतात.

तरीसुद्धा ड्रॉप गोलमधून ट्राय कसा निघतो बघायचं असेल तर 2020 ची सुपर लीग ग्रँड फायनल बघाच बघा. सेंट हेलेन्स आणि विगन, हलच्या मैदानावर, कोविडमुळे प्रेक्षक नाहीत, 4-4. हूटर वाजलाय, टॉमी मॅकिन्सनने लांबून मारलेला ड्रॉप गोल खांबाला आपटून परत आला, आता जास्तीचा वेळ म्हणून सगळे विगनवाले थबकले, आणि एकोणीस वर्षांचा जॅक वेल्सबी धावतच राहिला, गोललाइनपलीकडे बॉलवर हात ठेवला. 8-4. म्हणून रेडर, किक मारली की सगळ्यांनी धावायचं, मारणाऱ्याचे मित्र नुसते बघत उभे राहिले तर त्यांना कोचने बाहेर बसवावं असं माझं मत आहे.

शिट्टी_गुहागर

ताई, राग कसला, माप बदलायचं नाही हे शंभर टक्के पटलं. फक्त मी म्हणेन की रेफ्रीने माप पहिल्या दहा मिनिटांतच कडक लावावं, म्हणजे शेवटी प्रश्नच येत नाही. पोरांना पहिल्या चार रेडमध्ये कळतं आजचा पंच कसा आहे ते. गोल्डन पॉइंटबद्दल तुमचं बरोबर असेलही, पण खेळाडू दमलेले असतात, अजून वीस मिनिटं खेळवलं तर दुखापती वाढतील ही भीती वाटते.

मालवणी_झील

रेडर, तुझ्या बॉलाचा मी सांगतंय. तू सुक्या रेवेत मारतस काय? थय बॉल उसळाचो नाय, मरान पडतलो. ओहोटी लागल्यावर जी ओली कडक पुळण रवता थय मार, पायाचो ठसो जेमतेम उमटता तितकीच कडक होयी. आणि बॉल फेकू नको, नुसतो हातातसून सोड.

बाकी सगळ्यांना कळावं म्हणून नीट लिहितो. बॉल उभा धरायचा, वरचं टोक किंचित आपल्या अंगाकडे कललेलं, दोन्ही हातांनी कमरेच्या खालून सोडायचा, जितका उंचावरून सोडाल तितका वाकडा उसळणार. जमिनीला टोक लागून बॉल वर यायला लागतो त्याच क्षणी पाय बसला पाहिजे, उसळून वर आल्यावर मारलात तर आकाशात जाईल, पुढे जाणार नाही. पहिले काही दिवस खांब वगैरे विसरा, पंधरा पावलांवर मित्राला उभं करा आणि त्याच्या छातीवर बॉल जातो का बघा. मग पासवर या, मित्राने जमिनीवरून उचलून लांब पास द्यायचा आणि दुसऱ्याने अंगावर धावत यायचं, कारण एकटं उभं राहून मारणं आणि कोणीतरी धावून येत असताना मारणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे. पावसाळ्यात ओल्या बॉलने पण करा. 1968 ला वेम्बलीवर पाणी साचलेलं असताना वेकफील्डच्या डॉन फॉक्सची खांबांसमोरची सोपी कन्व्हर्जन पाय घसरून गेली आणि लीड्सने 11-10 ने चॅलेंज कप नेला, आणि तो माणूस त्या दिवसाचा सर्वोत्तम खेळाडू निवडला गेला होता. ओल्या जमिनीवर शेवटचं पाऊल छोटं टाकायचं, आपण टेकतो तो पाय घसरतो, मारतो तो नाही.

वाऱ्याचं पण बघा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, दुपारनंतर खारा वारा उलटा आत येतो. दोन्ही वेळेला मारा, म्हणजे वाऱ्यात बॉल किती ढकलला जातो त्याचा अंदाज येतो.

मी रविवारी ओहोटीच्या टायमाक तारकर्लीर आसतंय, माझ्याकडे दोन बॉल आसत. येवचा आसात तर मेसेज कर, मार्कर म्हणान धावाक आमचे कबड्डीचे पोरगे आसतच.

देवगडचो_रेडर

येतंय दादा, आम्ही तिघे येतो. काका, तुम्ही रत्नागिरीहून येणार असाल तर सांगा, टॅकल कुठे पडायचा ते हाताने दाखवायला कोणीतरी पाहिजे.